भाड्याचा कॅमेरा आणि तीन तोळ्यांच्या पाटल्या

मंडळी, परवा दिवाळीची साफसफाई करताना जुन्या पुस्तकांची पेटी उघडली. एका पुस्तकातून गुलाबी रंगाचा एक कागद खाली पडला. कार्बन लावून लिहिलेलं डिलिव्हरी चलन. कॅमेरा एक, लेन्स दोन, बॅटऱ्या चार, चार्जर एक, मेमरी कार्ड दोन, मॉनिटर एक, ट्रायपॉड एक. खाली 'सामान तपासून ताब्यात घेतले' आणि सही. तारीख डिसेंबर २०११ ची.

कागद उलटून पाहिला तर मागे माझ्या सुनेचं अक्षर. पोहे पाच किलो, शेंगदाणे तीन, गूळ दोन भेल्या, चहापत्ती, तेल, अठरा माणसं गुणिले सहा दिवस.

एकाच कागदाच्या पुढच्या बाजूला कॅमेरा आणि मागच्या बाजूला पोहे! मी खाली बसले ती बसूनच राहिले. साफसफाई तशीच पडली. त्या कागदानं मला माझी एक जुनी चूक आठवून दिली. तीच आज सांगायची आहे, पण जरा लांबून सांगावी लागेल.

आमचं बोरी हे जिंतूर तालुक्यातलं, परभणी-जिंतूर रस्त्यावरचं गाव. कापूस, सोयाबीन, तूर, रस्त्यावर एसटीची वर्दळ. सिनेमावाले इकडे कशाला येतील? पण माझ्या पुतण्याचा मुलगा, म्हणजे माझा नातूच, पुण्याला शिकायला गेला आणि तिथं त्याला सिनेमाचं वेड लागलं. २०११ च्या दसऱ्याला घरी आला तो एक वही घेऊनच. शाळेत जाणाऱ्या एका मुलीची वीस मिनिटांची गोष्ट. म्हणाला, "आजी, आपल्या गावातच शूटिंग करायचं. पुण्याहून एचडी कॅमेरा भाड्यानं आणतो."

"भाडं किती?"

"दिवसाला सहा हजार. जायच्या-यायच्या दिवसांचं निम्मं. आणि कॅमेऱ्यासोबत एक माणूस येतो, त्याचे रोजचे सातशे."

"आणि पैसे?"

तो काही बोलला नाही. त्याची आई बोलली. चुलीपुढून न उठताच म्हणाली, "माझ्या पाटल्या हायत की."

तीन तोळ्यांच्या पाटल्या होत्या, माहेरच्या. त्या बँकेत तारण ठेवून साठ हजार मिळत होते. पुतण्या 'तुमचं तुम्ही बघा' म्हणून शेताकडे निघून गेला. आणि मी? मी चांगली अर्धा तास बोलले. रिकामटेकडे उद्योग, पोराचे लाड, घरातलं सोनं असं उधळतात का.. जे जे तोंडाला आलं ते सगळं. सून ऐकून घेत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "आत्याबाई, तुमीच तर शाळंत शिकवलंय ना त्या फाळक्यांच्या बायकूचं."

ती माझीच विद्यार्थिनी. मी गप्प झाले. पण पटलं म्हणून नव्हे, राग आला म्हणून.

आता ते शाळेत काय शिकवत होते तेवढं सांगते.

मुंबईत ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रं पहिल्यांदा दाखवली गेली. तो प्रकार पाहून वेड लागलेल्यांपैकी एक म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ऊर्फ सावेदादा. त्यांचा फोटोग्राफीचा धंदा होता, हाताशी पैसा होता. त्यांनी विलायतेहून एकवीस गिनी मोजून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती लावून तिचं चित्रण केलं. रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले तेव्हा डिसेंबर १९०१ मध्ये त्यांचं स्वागत टिपलं. म्हणजे आपल्याकडच्या हलत्या चित्रांची सुरुवातच एका मराठी माणसानं, स्वतःचा कॅमेरा विकत घेऊन केली. भाड्यानं देणारं होतंच कोण?

दहाएक वर्षांनी दादासाहेब फाळके. ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट त्यांनी मुंबईत पाहिला, आणि पुन्हा पाहायला गेले तेव्हा सरस्वतीबाईंनाही घेऊन गेले. मग विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून १ फेब्रुवारी १९१२ ला लंडनला निघाले. तिथं त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा पन्नास पौंडांना विकत घेतला. हातानं दांडा फिरवायचा, लाकडी पेटीचा. परत आल्यावर भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून त्याची वाढ रोज थोडी थोडी टिपली. आणि तरीही पैसे पुरेनात तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गहाण गेले.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. आपल्या देशाचा पहिला कथाचित्रपट म्हणून तो शाळेच्या पुस्तकात आला आणि मी तो तीसेक वर्षं शिकवला. सरस्वतीबाईंसाठी माझ्याकडे एक ठरलेलं वाक्य होतं: 'या कार्यात त्यांच्या पत्नीनेही मोठा त्याग केला.' खडूनं 'त्याग' हा शब्द फळ्यावर लिहायचे, त्याखाली रेघ ओढायचे आणि तास संपायचा.

त्या त्यागाच्या पोटात काय होतं? कोऱ्या फिल्मला कडेनं भोकं पाडून घ्यावी लागत, ते काम सरस्वतीबाई करत. अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. घरात राहिलेल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडे. कपडे धुणं त्यांच्याकडे. उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायचा तोही त्यांनीच. पडद्यावर तारामती झाली ती अण्णा साळुंके यांची, म्हणजे पुरुषाची. खरी तारामती पडद्यामागे भाकरी थापत होती.

हे सगळं मला माहीत होतं. वाचलेलं होतं. पण ज्या दिवशी माझ्याच घरात तारामती उभी राहिली, त्या दिवशी मी तिला 'उधळी' म्हणाले. पुस्तकात वाचला की त्याग, आणि आपल्या घरात घडला की वेडेपणा.. असं का व्हावं?

त्या रागातच मी पुन्हा जुनी पुस्तकं काढून बसले. सुनेला खोटं पाडायचं होतं, दुसरं काय! आणि जसजशी वाचत गेले तसतसं कॅमेऱ्याच्या मागे कुणा ना कुणाचं सोनं-नाणं दिसायला लागलं.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. हे आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव, दोघेही नाटकांचे पडदे रंगवणारे कलावंत. त्यांनाही सिनेमा काढायचा होता. पण विलायती कॅमेरा घ्यायला पैसे कुठले? मग ठरलं की कॅमेरा आपणच बनवायचा! १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी घेऊन काम पुढे नेलं आणि १९१८ च्या सुमारास देशी कॅमेरा उभा केला. विचार करा, ज्या यंत्राला सेकंदात ठरावीक वेळा फिल्म थांबवून पुढे सरकवावी लागते, ते यंत्र कोल्हापुरात हातानं घडवलं गेलं. त्यावर 'सैरंध्री' निघाला, १९२० च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. लोकमान्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. पण कॅमेरा घडला तरी कंपनी उभी राहायला भांडवल लागतं. महाराष्ट्र फिल्म कंपनीला ते दिलं कोल्हापूरच्या तानीबाई कागलकरांनी. पुन्हा एक बाई! हे नाव मी वर्गात एकदाही घेतलं नव्हतं.

पुढे १९२९ मध्ये कोल्हापुरातच 'प्रभात' निघाली. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर ही मंडळी कसबी, पण पाचवे भागीदार सीतारामपंत कुलकर्णी हे सराफ. म्हणजे कारागिरी आणि सराफी एकत्र आली तेव्हा 'प्रभात' झाली. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली. कॅमेरे, दिवे, प्रयोगशाळा, कपडेपट, सगळं स्वतःचं. नटसुद्धा पगारावर. त्या काळात कॅमेरा भाड्यानं घेणं ही गोष्टच नव्हती, कारण सिनेमा काढायचा तर अख्खा कारखाना काढावा लागे. फाळक्यांवरच्या चित्रपटाला परेश मोकाशींनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हे नाव दिलं ते उगीच नाही.

मग कारखाने बंद पडले. 'प्रभात'ही पन्नासच्या दशकात बंद झाली आणि १९६० मध्ये त्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. आता निर्माता म्हणजे एक माणूस आणि एक कचेरी. त्याच्याकडे ना स्टुडिओ, ना कॅमेरा. तो सगळं भाड्यानं घेऊ लागला. मुंबईत कॅमेरे भाड्यानं देण्याचा धंदाच उभा राहिला. कॅमेरा शिफ्टवर मिळे आणि त्याच्यासोबत मालकाचा माणूस येई, तो अटेंडंट. पेट्या उचलणं, लेन्स पुसणं, जोडणी करणं आणि मालकाची वस्तू जशी नेली तशी परत आणणं ही त्याची जबाबदारी.

पण त्या कॅमेऱ्याचं भाडं हा खर्चाचा लहान भाग. खरी गोम फिल्ममध्ये. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट धावते. चारशे फुटांचं रीळ साडेचार मिनिटांत खलास. नट वाक्य चुकला, फिल्म गेली. मध्येच कुत्रं भुंकलं, फिल्म गेली. ते धुवायला प्रयोगशाळा, मग प्रिंट, आणि काय आलं ते कळायला चार दिवस. बोरीसारख्या गावातल्या पोरानं हे स्वप्नातसुद्धा पाहू नये असाच तो हिशेब होता.

आमच्या वाट्याला सिनेमा आला तो फक्त बघण्यापुरता, आणि तोही भाड्याचाच. लहानपणी जत्रेत टुरिंग टॉकीज यायची. कनात, मध्ये पडदा, आणि डिझेल इंजिनाचा फटफट आवाज. रीळ बदलेपर्यंत अंधारात शिट्ट्या. मग ऐंशीच्या दशकात 'व्हिडिओ' आला. पंचवीस-तीस घरांनी वर्गणी काढायची, तालुक्याहून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीच्या भाड्यानं आणायचा आणि पारावर मांडायचा. सकाळी परत द्यायचा म्हणून एका रात्रीत तीन-तीन सिनेमे! तिसऱ्याला निम्मं गाव तिथंच झोपलेलं असे, पण भाडं भरलंय म्हणून टीव्ही कुणी बंद करत नसे. मी दुसऱ्या दिवशी वर्गात पाहायची, सगळी पोरं पेंगत. आणि बाईही पेंगत.

याच व्हिडिओच्या वेडातून नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात एक वेगळंच पीक आलं. यंत्रमागांचं ते गाव. तिथं व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० च्या आसपास साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' काढला. कॅमेरा सरकवायला सायकल, वर उचलायला बैलगाडी. नटमंडळी गावातलीच. फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या २००८ च्या माहितीपटात हे सगळं जगापुढे आणलं. मालेगावनं एक दाखवून दिलं, की गोष्ट सांगायला मुंबईची परवानगी लागत नाही. अडचण एवढीच, की लग्नातल्या कॅमेऱ्याचं चित्र मोठ्या पडद्यावर पुसट दिसायचं.

ती अडचण एचडीनं काढून टाकली. ती कशी, ते नातवानं मला समजावलं आणि मी कागदावर गणित मांडून पाहिलं. शिक्षकाची खोड! आपल्या जुन्या टीव्हीचं डिजिटल चित्र आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके, म्हणजे ४ लाख १४ हजार ७२०. पूर्ण एचडीचं चित्र १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६००. भाग देऊन पाहा, बरोबर पाच येतात. एकाच चित्रात पाचपट बारकावा. आणि थिएटरातल्या डिजिटल पडद्याचं प्राथमिक माप २०४८ गुणिले १०८०, म्हणजे एचडीच्या अगदी शेजारचं. तेव्हा एचडीवर घेतलेलं चित्र थिएटरात लावता येतं, फिल्मसारखं सेकंदाला २४ चित्रांनी घेता येतं, आणि चुकलं तर पुसून पुन्हा घेता येतं. फिल्म वाया जायची भीतीच गेली.

सोनीचा सिनेमासाठीचा एचडी कॅमेरा २००० मध्ये आला आणि जॉर्ज लुकासनं त्यावर 'स्टार वॉर्स'चा २००२ मधला भाग घेतला. २००७ मध्ये 'रेड वन' आला, एचडीच्याही पुढचा. २००८ मध्ये कॅननचा फोटो काढायचा कॅमेराच पूर्ण एचडी व्हिडिओ घेऊ लागला. २०१० मध्ये जर्मनीच्या ॲरी कंपनीचा 'अलेक्सा' आला. जानेवारी २०१२ मध्ये तर फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणजे आमच्या बोरीत तो कॅमेरा उतरला त्याच्या पुढच्याच महिन्यात! एक युग संपत होतं आणि आमच्या अंगणात पोह्यांचा हिशेब चालू होता.

तर कॅमेरा आला. एका रविवारी संध्याकाळी जीपमधून तीन काळ्या पेट्या उतरल्या. सोबत अटेंडंट दादा, तिशीतला, अबोल माणूस. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "मावशी, लाईट कधी जाते?"

त्या वर्षी आमच्याकडे भारनियमन जोरात होतं. फाळक्यांना उन्हाची चिंता, तर याला बॅटरीची. चार बॅटऱ्या, त्या चार्ज करायच्या तर वीज हवी, आणि वीज यायची तिच्या मर्जीनं. मग गावच पुढे आलं. मेडिकलवाल्यानं आपल्या इन्व्हर्टरला एक बॅटरी लावून घेतली, एकानं जनरेटर दिला. पूर्वी आपल्याकडे इर्जिक असायची. एकाच्या शेतात सगळ्यांनी औतं घेऊन जायचं आणि त्यानं जेवू घालायचं. तशीच ही कॅमेऱ्याची इर्जिक झाली.

मला काम मिळालं मोजणीचं. शाळेत मी वर्षानुवर्षं डेडस्टॉक रजिस्टर सांभाळलं होतं, त्यामुळे नातवानं चलन माझ्याच हातात दिलं. रोज संध्याकाळी ओसरीवर सगळं सामान मांडायचं आणि मी चलनावर टिचकी मारायची. लेन्स दोन, आहेत. कार्ड दोन, आहेत. एका कार्डात पाऊणएक तासाचं चित्रण मावे. ते भरलं की दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवायचं, दोन्ही उघडून पाहायचं आणि मगच कार्ड पुसायचं. हा नियम अटेंडंट दादानं घालून दिला आणि मोडू दिला नाही. त्याची झोपायची पथारी पेट्यांना लागूनच. एकदा म्हणाला, "मावशी, माझं घर चाळीत आहे. ह्या पेटीत माझ्या घरापेक्षा महाग वस्तू आहे. पण माझ्याच हवाली असते." परक्याची वस्तू जपायची कशी, हे मी त्याच्याकडून शिकले.

दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी गोष्टीतली मुलगी तापानं फणफणली. सहावीतली पोर ती, तिला उठवणार कोण? शूटिंग बंद. कॅमेरा पेटीत, पेटी ओसरीवर आणि भाडं चालू!

त्या दिवशी मला एक मिनिट चैन पडेना. सहा हजार भागिले चोवीस, तासाला अडीचशे रुपये. आमच्याकडे कापूस वेचणाऱ्या बाईची तेव्हा जवळजवळ दोन दिवसांची मजुरी. घड्याळात तास पडला की माझ्या पोटात कालवायचं. नातू तोंड लपवून गच्चीवर बसलेला. आणि सून? ती त्या पोरीच्या घरी डोक्यावर पट्ट्या ठेवायला गेली होती. दुपारी आली आणि भाकरी टाकायला बसली.

मी न राहवून म्हणाले, "अगं, तुझ्या पाटल्या तिकडं तासातासानं झिजतायत, आणि तू भाकरी थापतेस?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. म्हणाली, "आत्याबाई, पेरणी करतो तवा पाऊस पडंल म्हणून कोण लिहून देतंय? बियाणंबी उधारीचंच असतंय की. ह्यात निदान किती बुडंल ते तरी म्हाईत हाय."

मंडळी, त्या एका वाक्यानं माझा सगळा इतिहास सरळ झाला.

'किती बुडेल ते तरी माहीत आहे.' हाच तर फरक आहे विकत आणि भाड्यात! फाळक्यांना कॅमेरा विकत घ्यावा लागला, म्हणून विमाही गेला आणि दागिनेही. बुडाले असते तर सगळंच बुडालं असतं, त्याला तळ नव्हता. बाबूरावांना कॅमेरा घडवण्यात आयुष्यातली वर्षं घालावी लागली. पण भाड्याला तळ असतो. सहा दिवस, इतके रुपये, आणि सातव्या दिवशी पेट्या जीपमध्ये. मी आयुष्यभर 'भाड्याचं' हा शब्द कमीपणाचा समजत आले, भाड्याचं घर, भाड्याची सायकल. शेतकऱ्याच्या घरातली ही बाई मात्र पहिल्याच दिवशी हिशेब करून बसली होती. तिला त्याग वगैरे काही करायचा नव्हता. तिनं पेरणी केली होती, किती बी घालायचं ते मोजून.

चौथ्या दिवशी पोरीचा ताप उतरला. पाच दिवसांचं काम सहा दिवसांवर गेलं. सहा दिवसांचे छत्तीस हजार, जायच्या-यायच्या दोन दिवसांचे निम्म्या दरानं सहा हजार, अटेंडंट दादाचे आठ दिवसांचे पाच हजार सहाशे. एकूण सत्तेचाळीस हजार सहाशे. उरलेल्यात अठरा माणसांचं जेवण, जीप आणि कपडे बसवले ते सुनेनं. निघताना मी शेवटची मोजणी केली. सगळं होतं. फक्त लेन्सचं एक झाकण सापडेना, ते कोंबड्यांच्या डालग्याखाली निघालं!

फिल्मचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारणारच. एका छोट्या महोत्सवात ती दाखवली गेली. बक्षीस नाही मिळालं. शाळेच्या मैदानावर पांढरं कापड बांधून गावाला दाखवली तेव्हा मात्र लोकांनी ती दोनदा लावायला लावली. गोष्टीपेक्षा 'तो बघ माझा बैल' याचाच गलबला जास्त. नातू आता पुण्यात संकलनाचं काम करतो, त्यावर त्याचं घर चालतं. पाटल्या चौदा महिन्यांनी सुटल्या, कापसाच्या पैशातून, सुनेनंच सोडवल्या.

सगळ्यांचं असं मोजून-मापून नसतं हेही लिहायला हवं. भाऊराव कऱ्हाडे यांनी 'ख्वाडा' काढायला घरची शेतजमीन विकली. २०१४ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्या चित्रपटाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला आणि २०१५ मध्ये तो थिएटरात लागला. आपण टाळ्या वाजवल्या, वाजवायलाच हव्यात. पण पुरस्कार मिळाला म्हणून आपल्याला ती जमीन माहीत झाली. ज्यांना मिळाला नाही त्यांच्या जमिनी आणि पाटल्या कुणाला माहीत?

आता एक शेवटची गोष्ट, जी मला टोचते. त्या फिल्मच्या शेवटी आभाराची यादी आहे. ग्रामपंचायत, शाळा, मेडिकलवाले, जनरेटरवाले, कॅमेरा देणारे, अटेंडंट दादा. माझंसुद्धा नाव आहे, 'साहित्य व्यवस्था' म्हणून! सुनेचं नाही. मी नातवाला विचारलं, तर तो चकित झाला. म्हणाला, "आजी, आईचे काय आभार मानायचे? ती तर घरचीच." पोरगं वाईट नाही हो. मनापासून बोलला. आणि मी त्याला रागवणार कोणत्या तोंडानं? तीस वर्षं मीही 'त्यांच्या पत्नीनेही' म्हणून एका वाक्यात उरकतच होते की. नाव सांगायचं राहून जायचं बऱ्याचदा. सरस्वतीबाई फाळके. तानीबाई कागलकर. आता लिहिते आहे, उशिरा का होईना.

मागच्या महिन्यात नातू आला होता. खिशातला फोन काढून म्हणाला, "आजी, ह्यात फोर-के आहे." आडवे ३८४०, उभे २१६०. मी लगेच भागाकार केला, आपल्या त्या भाड्याच्या एचडीच्या बरोबर चौपट. ना अटेंडंट, ना चलन, ना तासाला अडीचशे. तरी मोठ्या कामाला तो आजही कॅमेरा भाड्यानंच आणतो, कारण लेन्स आणि उजेड पकडायची ताकद अजून त्यातच जास्त, असं त्याचं म्हणणं. ते त्यालाच माहीत.

चलन मी काल सुनेला नेऊन दिलं. म्हटलं, "हे तुझं." तिनं पुढची बाजू पाहिलीसुद्धा नाही. मागची यादी वाचली आणि हसली. म्हणाली, "राहू द्या, कामाला यील. भाव तेवढे बदलायचे."

असो. तुमच्याही घरी असा एखादा कागद असेल. कुणाच्या दुकानाचा, कुणाच्या शिक्षणाचा, कुणाच्या पहिल्या ट्रॅक्टरचा. सापडला तर उलटून बघा, मागे कुणाचं अक्षर आहे ते. आणि मलाही जरूर कळवा.